शिंगाड्यांची दवंडी

पाचोरा तालुक्यातल्या त्या गावात मी दोन वर्षं नर्स होते, आणि त्या दोन वर्षांत माझी बॅग कधी पूर्ण रिकामी झाली नाही. तळाशी दोन साड्या घडी घातलेल्याच असायच्या. नवरा धुळ्याला शाळेत मास्तर आणि मी इथे उपकेंद्रात. शनिवारी दुपारी एसटीने पाचोरा, तिथून पॅसेंजरने चाळीसगाव, मग गाडी बदलून धुळे. पोचेपर्यंत दिवस मावळायचा आणि रविवारी जेवण आटोपलं की परतीची घाई. ऐंशीच्या दशकाची ती शेवटची वर्षं. बदलीसाठी मी तीन अर्ज केले होते. पोस्टमन सायकलवरून उतरला की मी हातातलं काम टाकून दारात यायचे, आणि तो तसाच पुढे गेला की समोर जो असेल त्याच्यावर मी उगाच खेकसायचे.

राहायला खोली मिळाली होती ती तळ्याच्या काठावर. घरमालकीण पन्नाशीची, सगळं गाव तिला अक्का म्हणायचं. नवऱ्याला आबा. जातीने भोई. तळ्यात मासे धरायचे आणि शिंगाडा लावायचा, हाच त्यांचा पिढीजात धंदा. माझं माहेर जळगावचं, मेहरूणचं. शिंगाडा मला माहीत होता तो उपासाच्या पिठातला किंवा गाडीवर उकडून विकायला ठेवलेला. तो पाण्यात वेलीला लागतो हे मी नर्सिंगची परीक्षा पास होऊनही कधी पाहिलं नव्हतं.

आबा पावसाळ्याच्या सुरुवातीला वेलींच्या जुड्या बांधायचे आणि कमरेएवढ्या पाण्यात उतरून पायाच्या अंगठ्याने त्या गाळात दाबायचे. हाताने नाही, अंगठ्याने. महिन्या-दीड महिन्यात पानं पाण्यावर अशी पसरायची की तळं झाकून जायचं. श्रावण सरला की बारीक पांढरी फुलं, आणि ती गळली की देठ पाण्याखाली वळून फळ धरायचं. काढणीच्या वेळी आबा ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून, पुढ्यात टोपली ठेवून, पानांचा एकेक झुबका उलटा करत जायचे. वर हिरवं, उलटं केलं की तांबूस, आणि त्याच्या आत लपलेले दोन शिंगांचे शिंगाडे. आबांच्या बोटांना काट्यांच्या खुणा बाराही महिने असत.

अक्का किनाऱ्याची मालकीण. कडेला पसरलेली नाळीची भाजी ती खुडून आणायची, लसूण-मिरचीवर परतायची आणि भाकरीबरोबर माझ्यासमोर ठेवायची. एका कोपऱ्यात थोडी कमळं होती. त्यांची लांब कांडी, कमळकाकडी, ती हिवाळ्यात गाळातून उपटून पाचोऱ्याला पाठवायची, कारण तिथली सिंधी कुटुंबं ती आवडीने घेत. मी घाईघाईने दोन घास खाऊन उठायचे. ती म्हणायची, "बाई, तुन्हं मन आठे लागत नही का?" मी म्हणायचे, "तसं नाही अक्का." पण तसंच होतं, आणि तिला ते कळत होतं.

दुसऱ्या वर्षीच्या भाद्रपदात मला दिवस गेलेले होते, चौथा लागला होता. मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. त्याच्या आदल्या वर्षी तिसऱ्या महिन्यात एक गेलं होतं. तेव्हा धुळ्याला सासूबाईंचे शेजारीपाजारी पेढे वाटून झाले होते, आणि मग त्याच घरांत जाऊन सांगायची वेळ आली होती. म्हणून या वेळी मी ठरवलं होतं, पाचवा लागेपर्यंत तोंड उघडायचं नाही. एसटीचे धक्के बसले की मी समोरच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवायचे. रात्रंदिवस मन असं ताणलेलं.

घटस्थापनेला आठ दिवस असतील. आबांनी पहिली तोडणी नुकतीच सुरू केली होती. एके दिवशी दुपारी बैलगाडीतून दोघांना उपकेंद्रात आणलं. गावातलाच कपाशीवाला शेतकरी आणि त्याची बायको. दोघांना उलट्या, घामाने अंग निथळलेलं, तोंडातून लाळ. मी डोळ्यांत बॅटरी मारली तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या.

"सकाळपासून काय खाल्लं?" मी त्यांना घेऊन आलेल्या म्हाताऱ्या आईला विचारलं.

"भाकर अन् ठेचा. अन् तळ्याचे शिंगाडे, कच्चे."

"अजून?"

"अजून काही नाही. तो फवारत होता, ती भाकर घेऊन गेली."

मी दोघांना त्याच गाडीतून सरपंचांच्या जीपपर्यंत आणि जीपमधून प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरांनी बाहुल्या पाहिल्या आणि लगेच इंजेक्शनं सुरू केली. म्हणाले, "फवारणीच्या औषधाचं विष आहे. वेळेवर आणलंत." संध्याकाळपर्यंत दोघं सावरली.

परत येताना सरपंचांनी जीप तळ्यापाशी थांबवली. तो शेतकरी फवारणीचा पंप जिथे धुवायचा, तिथे काठाला पाच-पन्नास लहान मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. मी गाडीतून उतरले. पाण्याला कपाशीवर मारतात त्या औषधाचा वास येत होता. चार हातांवर शिंगाड्याची पानं.

"बाई, काय करायचं?" सरपंचांनी विचारलं.

मला वाटतं मी एक मिनिटभरही विचार केला नाही. म्हणाले, "मी सांगेपर्यंत या तळ्याचा शिंगाडा कुणी खाऊ नये."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोतवालाने दवंडी दिली. माझ्या नावाने नाही, 'नर्सबाईनं सांगितलंय' अशी. अक्काच्या अंगणासमोर येऊन तो जरा घुटमळला, मग त्याने तिथेही ती दिली. मी खोलीत होते. अक्का पाट्यावर मिरची वाटत होती. वरवंट्याचा आवाज थांबला, आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला. दुपारी तिने नेहमीसारखं ताट आणून ठेवलं. मी अर्धी भाकरी तशीच ठेवून उठले.

आबा मात्र गप्प बसणारे नव्हते. दारात उभे राहून म्हणाले, "बाई, पंप एका कोपऱ्याले धुवा, अन् बठ्ठा तळ्याले दोष?"

"आबा, मासे मेलेत. मी काय करू?"

"मासा पाणी पेस. शिंगाडाले सालटं शे."

साल विष अडवतं की नाही, मला खरोखरच माहीत नव्हतं. मी चार शिंगाडे आणि एका बाटलीत पाणी घेऊन पुन्हा आरोग्य केंद्रात गेले. डॉक्टर म्हणाले, तपासणीला वरती पाठवावं लागेल, कधी उत्तर येईल सांगता येत नाही. त्यांनी बाटलीवर चिठ्ठी लावून ती कपाटात ठेवली. मी म्हटलं, "नवरात्र तोंडावर आलंय, सर." ते म्हणाले, "तुम्ही बरोबरच केलंत. शंका असेल तर बंदच ठेवा." बरोबर केलं, हे ऐकून माणसाला बरं वाटायला हवं. मला एसटीत बसल्यावर रडू आलं.

तिसऱ्या दिवशी आबांनी चावडीसमोर घोंगडी टाकली, उकडलेल्या शिंगाड्यांची परात मधे ठेवली आणि गाव जमल्यावर खायला सुरुवात केली. सोलायचे आणि खायचे. उकडलेल्या सालीने बोटं काळी होत गेली. मी धावत गेले आणि शेजारी बसून त्यांची नाडी धरली.

"मी मरसू का, बाई?" ते मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

"आबा, बस करा."

"नाडी दख. दख तू."

उन्हं कलेपर्यंत मी तिथेच बसले. दर अर्ध्या तासाला नाडी, दर अर्ध्या तासाला डोळे. त्यांना काहीही झालं नाही. पण लोक उठून जाताना म्हणाले, म्हाताऱ्याचं पोट तळ्याच्या पाण्यावर पोसलेलं, त्याला काय होतंय. आणि पाचोऱ्याहून जो व्यापारी दर सणाला टेम्पो पाठवायचा, त्याचा निरोप आला की या खेपेला राहू द्या.

मी त्या शेतकऱ्याच्या घरी चकरा चालूच ठेवल्या होत्या. नवराबायको घरी आली होती, अशक्त पण बरी. पाचव्या दिवशी मी त्यांचं पाणी, भांडी, सगळं पाहत होते, तेव्हा शेतकऱ्याचा धाकटा भाऊ ओसरीवर डोकं धरून बसलेला दिसला. त्या दिवशी तोही फवारायला होता. म्हणाला, त्यालाही दुपारी गरगरलं होतं, दोनदा उलटी झाली, पण मोठ्या भावाच्या गडबडीत कुणाला सांगितलं नाही.

"तूही शिंगाडे खाल्ले होतेस?"

"नाही बाई. माझा सोमवार होता. चहावर होतो."

मी त्याला शेतात घेऊन गेले आणि फवारणी कशी केली ते दाखवायला लावलं. दोघं भाऊ उघड्या अंगाने, वाऱ्याच्या तोंडाला उभे राहून फवारत होते. बायकोने पंपात औषध कालवून दिलं होतं, हाताने, आणि त्याच हाताने भाकरी मोडली होती. हे सगळं मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. मी फक्त काय खाल्लं तेवढंच विचारलं.

तरी खात्री कशाची? विष हातातून गेलं असेल, श्वासातून गेलं असेल. शिंगाड्यातून गेलंच नाही, असं मी छातीवर हात ठेवून कसं सांगणार? डॉक्टरांनी लेखी द्यायला नकार दिला. सरपंच म्हणाले, "बाई, तुम्ही सांगा, आजच्या आज दुसरी दवंडी देतो." मी दोन दिवस हो-नाही करत राहिले. खोलीत येरझारा घालायचे. तळ्याकडची खिडकी लावून घ्यायचे आणि परत उघडायचे. आबा आता ट्यूब घेऊन पाण्यात उतरत नव्हते. ट्यूब पडवीत उभी करून ठेवलेली.

शेवटी मी हो म्हटलं आणि घटस्थापनेच्या सकाळी दुसरी दवंडी झाली, शिंगाडा खायला हरकत नाही अशी. तिच्याने काही हललं नाही. पहिली दवंडी भीतीची होती, ती घराघरात जाऊन बसली होती. मग मला वाटलं, आबांना परातभर खाऊन काही झालं नाही, तर एकाने मलाही होणार नाही; आणि मी स्वतः खाल्ल्याशिवाय हे मिटणार नाही. देवीच्या देवळात उपासाच्या बायका जमल्या होत्या. अक्का नेहमीसारखी पायरीशी उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली घेऊन बसली होती. तिच्यापाशी कुणी थांबत नव्हतं. मी गेले, खाली बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अक्का, एक द्या. माझाही उपास आहे."

बायका वळून पाहू लागल्या. अक्काने काही दिलं नाही, म्हणून मीच टोपलीतून एक उचलला, दाताने साल फोडली आणि गर तोंडाशी नेला. तेवढ्यात अक्काने माझ्या हातावर फटका मारला. शिंगाडा उडून पायरीवर पडला.

"तू नको खाऊ!" ती ओरडली.

मग कुणीतरी हळूच म्हणालं, "बघा, पिकवणारीच नको म्हणतेय."

मी अक्काकडे पाहिलं. तिची नजर माझ्या पोटावर होती. मला कळलं की तिला माहीत आहे, कदाचित कितीतरी दिवसांपासून. सकाळच्या ओकाऱ्या मी नळ सोडून लपवत होते, पण माझ्या खोलीत आणि त्यांच्या घरात भिंत एकच होती. आणि त्याच क्षणी मला हेही कळलं की मी आत्ता उभी राहून एक वाक्य बोलले, मला दिवस आहेत म्हणून तिने थांबवलं असं म्हणाले, तर सगळं फिरेल. तोंड उघडलंही होतं. पण मला धुळ्याची ती घरं आठवली, ते पेढे, आणि ओठ मिटले ते मिटलेच. बायका एकेक करून आत आरतीला गेल्या. अक्काने टोपलीवर फडकं टाकलं आणि ती उठली.

घरी आल्यावर मी तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेले. "अक्का, का थांबवलंत मला? तुम्हालाच खात्री नाही का?"

ती चुलीत काटक्या सारत होती. म्हणाली, "मन्हा शिंगाडानी माले खातरी शे. तुन्हा पोटना पोरनी खातरी मी कशी देसू?"

"पण त्या बायकांना काय वाटलं, पाहिलंत ना?"

"दखं." एवढंच. मग पाठमोरीच, "तू त्यासले का सांगं नही?"

मी काटक्या आणायच्या निमित्ताने अंगणात गेले. तिने पुन्हा विचारलं नाही. पण तो प्रश्न आजही माझ्यापाशी आहे आणि त्याचं उत्तर मला आजही नीट देता येत नाही. भीती होती, हे खरं. पण माझी भीती मी सांभाळली आणि तिचं पीक जाऊ दिलं, हेही तितकंच खरं.

त्या वर्षीचा बराचसा शिंगाडा वेलीवरच निबर झाला, काळा पडला आणि गळून गाळात गेला. जेवढा काढता आला तेवढा त्या दोघांनी काढून उकडला, सोलला आणि छपरावर वाळवला. दिवाळीपर्यंत छपरावर पांढरट तुकडे पसरलेले असायचे. मी ड्युटी संपली की त्यांच्यासोबत सोलायला बसायचे. माझी बोटं काळी झाली, चिरली, आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी विचारलंही. आबा माझ्याशी बोलत नव्हते. पण मी बसले की पाट माझ्याकडे सरकवायचे आणि निबर, काट्याचे शिंगाडे वेचून स्वतःच्या बाजूला घ्यायचे.

पाचवा लागला तेव्हा मी नवऱ्याला सांगितलं. त्याच आठवड्यात बदलीचा हुकूम आला. ज्या कागदाची मी दोन वर्षं वाट पाहिली तो हातात आला, आणि मला तो कुठे ठेवावा ते सुचेना. जायच्या आदल्या दिवशी देवळापाशी पाणी भरायला आलेल्या बायकांना मी मुद्दाम गाठलं आणि सगळं सांगितलं. अक्काने मला का थांबवलं ते. त्या हसल्या, कुणी पोटावरून हात फिरवला, कुणी म्हणालं, "आधी नाही का सांगायचं?" मोसम संपत आला होता. आता सांगून तळ्याला काही उपयोग नव्हता.

फाल्गुनात धुळ्याला मुलगी झाली. पुढच्या कार्तिकात, ती आठेक महिन्यांची असताना, मी तिला घेऊन त्या गावी गेले. नवरा म्हणाला, एवढा प्रवास कशाला. पण मला गेल्याशिवाय राहवेना. वर्षभरात गावात एक झालं होतं. ग्रामपंचायतीने तळ्यावर पंप धुवायला बंदी घातली होती आणि विहिरीजवळ वेगळा हौद बांधला होता. यासाठी आबा रोज सकाळी जाऊन सरपंचांच्या ओट्यावर बसत, काही न बोलता, काम होईपर्यंत, असं मला एसटीत भेटलेल्या कोतवालाने सांगितलं. मी आरोग्य केंद्रातही डोकावून आले होते. माझी बाटली कपाटात तशीच होती, चिठ्ठीवरची शाई पुसट झालेली. ती कुठेही पाठवलीच गेली नव्हती.

तळं पानांनी भरलेलं होतं. आबा मधोमध ट्यूबवर होते. त्यांनी मला पाहून हात वर केला. अक्काने पोरीला मांडीवर घेतलं, न्याहाळलं, कानामागे काजळाचं बोट लावलं. मग आत जाऊन तिने शिंगाड्याच्या पिठाची पातळ लापशी केली, दूध आणि गूळ घालून. वाटी घेऊन बाहेर आली आणि चमचा भरला.

माझा हात पुढे झाला. मी अडवलं नाही. फक्त हात इंचभर पुढे झाला आणि थांबला. अक्काने तो पाहिला.

तिने चमचा वाटीत ठेवला आणि वाटी माझ्यासमोर सरकवली. "ले. तूच दे."

आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. मी लापशीचा एक घास स्वतः घेतला आणि मग पोरीला भरवला. तिने जीभ फिरवली, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा आ केला. निम्मी वाटी तिने संपवली. अक्का हसली, पदराने तिचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "बापवर जायेल शे का तुन्हावर? खावाले तर घाई नही हिले."

निघताना आबांनी ओल्या शिंगाड्यांची पिशवी एसटीत आणून दिली. कंडक्टरने घंटी मारली. पाचोऱ्यापर्यंतच्या तासाभरात मी पोरीचं कपाळ चार वेळा चाचपलं आणि दोनदा तिच्या पापण्या उघडून पाहिल्या. ती गाढ झोपली होती.